पिक्चर संपल्यानंतरचा सोमवार

पिक्चरचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच "अरे, तो होय!" म्हणून त्यातले डायलॉग म्हणायला लागाल आणि माझं सांगणं राहील बाजूला. आमच्या धोंडूमामांचं तसंच होतं. लग्न असो, साखरपुडा असो, तेराव्याचं जेवण असो, दोन माणसं कोपऱ्यात गाठून मामा त्या पिक्चरमधला प्राचार्य धोतर सावरत कसा पळतो ते करून दाखवायचे. एकदा तर चिकूच्या व्यापाऱ्यासमोर करून दाखवलं. तो बिचारा वलसाडचा, त्याला वाटलं मामांना काहीतरी चावलं.

धोंडूमामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. घोलवड-कोसबाडकडे त्यांच्या चिकूच्या वाड्या, आणि तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, त्यांच्या संस्थेचं कॉलेज. मी त्या कॉलेजात मराठी शिकवतो. ही गोष्ट घडली तेव्हा तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तेवढा वेळ मी प्राध्यापक, घंटा झाली की वरोरचा जतीन चुरी. दर जूनला नेमणूक नव्याने करून घ्यायची, त्यासाठी मामांच्या ओटीवर जाऊन उभं राहायचं, मामी चहा देतात, मामा पेपर वाचत असतात, आणि पेपर संपला की म्हणतात, "ये रे भाच्या, कधी आलास?" अशी सहा वर्षं काढलीयत मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणार नाही.

तर पिक्चर. गोष्ट साधी आहे. एका कॉलेजात खेड्यातल्या गरीब पोरांचं वसतिगृह असतं. ती जागा मंत्र्याच्या मेहुण्याला थेटर बांधायला द्यायची, असं प्राचार्याच्या मनात. म्हणून तो काय करतो, तर इमारत धोकादायक आहे असा बोर्ड लावतो. पोरं मग नाना उद्योग करतात. प्राचार्याच्या खुर्चीत बोकड बसवतात, आणि शेवटी मंत्र्याच्या हातातलं भाषणच बदलतात. मंत्री न बघता वाचत सुटतो आणि भर सभेत वसतिगृह पोरांना देऊन टाकतो. टाळ्या, गाणं, समाप्त.

मामा मुंबईला शिकायला होते तेव्हा हा पिक्चर आला. त्यांनी तो सतरा वेळा पाहिला, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच्या प्राचार्याच्या केबिनमध्येही बोकड बांधला. ऐकणारा नवा असला की बोकडाचा रेडा व्हायचा.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत कॉलेजला पंचवीस वर्षं होत होती. फेब्रुवारीत दर्जा ठरवणारी समिती येणार होती, आणि समितीला दाखवायला एक राष्ट्रीय चर्चासत्र हवं होतं. विषय मामांनी निवडला: 'जुन्या महाविद्यालयीन विनोदी चित्रपटातील सामाजिक आणि राजकीय आशय'. चित्रपट कुठला हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आमचे प्राचार्य महाले म्हणाले, वा, काय समयोचित विषय. महाले सरांना मामांची जांभईसुद्धा समयोचित वाटते. समन्वयक म्हणून माझं नाव लागलं, कारण हमाली भाच्यानेच करायची असते.

त्याच सुमाराला आमच्याकडे जमीन हलत होती. थट्टा नाही, खरंच हलत होती. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत होते. लोक अंगणात झोपत, शाळा झाडाखाली भरत. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहावर एक दिवस नोटीस लागली: भूकंपामुळे ही इमारत राहण्यास धोकादायक झाली आहे, सबब मुलींनी एकतीस जानेवारीपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का.

आता गंमत बघा. कॉलेजच्या मुख्य इमारतीला चार तडे होते, ती धोकादायक नव्हती. महाले सरांच्या क्वार्टरचं छत गळत होतं, तेही ठणठणीत. भूकंपाने बरोबर मुलींचीच इमारत हुडकून काढली. त्यातही तळमजलाच. वरच्या मजल्यावर तीन खोल्यांना नवी फरशी बसली होती, एसी लागले होते, गिझर लागले होते. समितीचे लोक डहाणूच्या लॉजवर उतरले की चिडचिड करतात, म्हणून मामांना कॉलेजचं स्वतःचं गेस्ट हाऊस हवं होतं. वर तीन खोल्या झाल्या होत्या, खालच्या पाच व्हायच्या होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर निदान भांडं लहान तरी असावं.

त्या पाच खोल्यांत बावीस मुली राहायच्या. त्यातली निलम कोम माझ्या वर्गात, तिसऱ्या वर्षाला. उपलाटच्या पुढच्या एका पाड्यावरची, वारली. त्यांच्याकडे एसटी दुपारी एकदा यायची आणि तीही ड्रायव्हरच्या मर्जीवर. घरून ये-जा करून कॉलेज करणं अशक्य. एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा, ती झाली की बी.एड.ला जायचं असं तिनं ठरवलं होतं. नोटीस लागली त्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, वसतिगृह गेलं तर माझं कॉलेज गेलं सर, भाऊ उंबरगावच्या कंपनीत जातो, घरी बसलेली दिसले की मलाही गाडीत बसवतील. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं की विनवणी नव्हती. मी म्हटलं, बघतो मामांशी बोलून. आणि मामांशी बोललो काय? छे! नाव काढलं नाही.

चर्चासत्राच्या आधी आठ दिवस सगळ्या मुलांना तो पिक्चर दाखवायचं ठरलं. हॉलच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला. पहिल्या रांगेत मामा, महाले सर, आम्ही मास्तर लोक, मागे मुलं. आम्ही बोकडाला हसलो. धोतराला हसलो. मामा तर डोळे पुसत होते. पण पडद्यावर 'इमारत धोकादायक' असा बोर्ड लागला तेव्हा मागून हशा उठला, आणि तो थांबेचना. मुली बेंचवर हात आपटून हसत होत्या. पुढच्या रांगेतून कुणी हसलं नाही. महाले सरांनी मागे वळून "शूऽऽ" केलं. मामा पडद्याकडेच बघत होते, निवांत. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आम्ही सगळे इतकी वर्षं पोरांकडे बघून हसत आलो. सतरा वेळा पिक्चर बघून मामा शिकले मात्र प्राचार्याकडून.

मुलांनी निबंध लिहायचे होते, त्यातला एक निवडून चर्चासत्रात वाचायचा होता. एकोणतीस निबंध आले. अठ्ठावीस एकाच मोबाइलवरून उतरवलेले, चुकांसकट. एक निलमचा. तिनं लिहिलं होतं की या पिक्चरमध्ये सगळ्यांना पोरांचा विनोद दिसतो, पण पोरं विनोद का करतात हे दिसत नाही. ती अर्ज करून थकलेली असतात म्हणून करतात. फार चांगलं लिहिलं होतं. शेवटच्या पानावर तिनं आमची नोटीस जशीच्या तशी उतरवली होती, आणि खाली लिहिलं होतं, या दोन बोर्डांतला फरक परीक्षकांनीच सांगावा.

मी निबंध निवडला. शेवटचं पान काढलं. तिला बोलावून समजावलं की अगं, निबंध कसा नेमका हवा, विषयाला धरून हवा, आणि हे पान जरा विषयांतर होतंय. तिनं माझ्याकडे बघितलं. बरं म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

चर्चासत्राला पुण्याहून डॉ. टिळेकरबाई आल्या, चित्रपटाच्या मोठ्या अभ्यासक. आणखी चार कॉलेजांतले प्राध्यापक आले. 'बोकड : सत्तेच्या विडंबनाचे प्रतीक' यावर एकाने चाळीस मिनिटं घेतली. दुसऱ्याने धोतराचं राजकारण उलगडलं, उलगडता उलगडता त्याची वेळ संपली. तिसरा 'वसतिगृह : उपेक्षितांचा अवकाश' यावर बोलला आणि जेवताना मला म्हणाला, वरची खोली मस्त आहे हो, गरम पाण्याला जोर आहे. मामांचं उद्घाटनाचं भाषण तर असं झालं की ऐकत राहावं. अन्याय दिसला की पेटून उठा, म्हणाले. तरुणांनी खोडकर असलंच पाहिजे, म्हणाले. बोकड सांगितला. टिळेकरबाई नव्या होत्या, त्यामुळे रेडाही सांगितला.

जेवणानंतर निलम वाचायला उभी राहिली. मी काढलं होतं तिथपर्यंत तिनं नीट वाचलं, कागदाची घडी घातली, आणि म्हणाली, "माझा निबंध इथं संपत नाही. पण मला इथं संपवायला सांगितलंय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. टिळेकरबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी पाण्याच्या बाटल्या मोजायला बाहेर गेलो.

शेवटी मैदानावर तारपा ठेवला होता, म्हणजे दुधी भोपळ्याच्या लांब पिपाणीवरचा वारल्यांचा नाच. आता तारपा खरा वाजतो तो भातं पिकून नवा दाणा येतो त्या दिवसांत. आमच्या कॉलेजात तो पाहुणे आले की वाजतो. बी.ए.च्या मुलींना चापून चोपून लुगडी नेसवायची, मुलांना लंगोट्या लावायच्या, आणि पाहुण्यांना सांगायचं, बघा, संस्कृती. वाजवणारा हाल्या. हाल्या आमच्याकडे रोजावरचा माळी, पंचावन्न-साठीचा, फारसा बोलायचा नाही. एरवी त्याला "ए हाल्या" म्हणणारे महाले सर पाहुण्यांसमोर "आमचे हाल्यादादा" म्हणायचे.

मामांनी माइक घेतला. तारप्याचा नियम ते दर वेळी पाहुण्यांना सांगतात, आणि सांगतात फार छान. म्हणाले, कमरेला कमर धरून साखळी करायची, तारपावाला पुढे, साखळी मागे. तो जाईल तिकडं जायचं. तारप्याला पाठ दाखवायची नाही. तो थांबेपर्यंत साखळी तोडायची नाही, तोडली तर तो सगळ्या पाड्याचा अपमान. "आणि मी," मामा म्हणाले, "आयुष्यात कधी तोडलेली नाही." टाळ्या झाल्या. मग नेहमीप्रमाणे पाहुण्यांना नाचात ओढलं. हे फोटोसाठी असतं. दोन फेऱ्या झाल्या की हाल्या थांबतो, पाहुणे घाम पुसतात, चहा येतो.

त्या दिवशी हाल्या थांबला नाही.

दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. साखळीत पुढे निलम, तिच्या कमरेला टिळेकरबाई, मग मामा, महाले सर, बोकडवाले, धोतरवाले, मधेमधे मुली घट्ट धरून. चौथ्या फेरीला हाल्यानं मैदान सोडलं. तारपा फुगवत, पाय आपटत तो गेटकडे निघाला, आणि साखळी त्याच्या मागे. पाहुण्यांना वाटलं, असंच असतं. टिळेकरबाई तर खुशीत होत्या. महाले सरांनी सुटायला बघितलं तर दोन्हीकडच्या मुलींनी सोडलं नाही. मामांचा चेहरा मी बघत होतो. मोबाइल घेतलेली शंभर मुलं बाजूने चालत होती, स्थानिक पेपरचा फोटोग्राफर उलटा चालत होता, आणि आत्ताच माइकवर सांगून झालं होतं की आयुष्यात कधी तोडलेली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मामा हसत हसत नाचत राहिले.

हाल्या वरात घेऊन गेला थेट मुलींच्या वसतिगृहाच्या पडवीत आणि तिथं नोटिशीसमोर थांबला. बावीस पत्र्याच्या ट्रंका ओळीने बाहेर मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर गुंडाळलेली गोधडी. कुणी घोषणा दिली नाही. टिळेकरबाई धापा टाकत उभ्या राहिल्या, चष्मा लावला, आणि समोर जे होतं ते मोठ्यानं वाचलं. राहण्यास धोकादायक इथपर्यंत आल्या आणि थांबल्या.

"अहो," त्या मामांना म्हणाल्या, "माझी बॅग वर आहे. मी काल रात्री इथंच झोपले."

आता मामांची पंचाईत. इमारत धोकादायक म्हणावं, तर पुण्याच्या विदुषीला त्यात झोपवलं. नाही म्हणावं, तर नोटीस समोर. महाले सर आपली सही कुणा दुसऱ्याची असल्यासारखी बघत होते. आणि मग मामा हसले. अगदी पोट धरून हसले. भिंतीवरची नोटीस टरकन फाडली आणि म्हणाले, बघा, याला म्हणतात पिक्चर समजणं! आमच्या पोरींनी आम्हालाच प्राचार्य केलं! इमारत पहाडासारखी मजबूत आहे, मी ग्वाही देतो, आणि मुलींचं वसतिगृह मुलींचंच राहील. टाळ्यांचा पाऊस पडला. मुली ओरडल्या, हाल्यानं पुन्हा तारपा फुंकला, टिळेकरबाईंनी निलमला मिठी मारली. निलम हसत होती, आणि खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'तारप्याच्या तालावर संस्थाचालकांचा ऐतिहासिक निर्णय'.

पिक्चर इथं संपतो. सोमवारी कॉलेज पुन्हा उघडल्यावर काय झालं, ते कुठल्याच पिक्चरमध्ये दाखवत नाहीत.

सोमवारी सकाळी हाल्याची बदली मामांच्या चिकूच्या वाडीत झाली. तिथं तारपा ऐकायला पाखरं होती. दुपारी महाले सरांच्या केबिनमध्ये शिस्त समिती बसली: महाले सर, वसतिगृहाच्या रेक्टर जागृतीबाई, आणि सचिव मी. निलमला बोलावलं. महाले सरांची तयारी होती की ती नाकारेल, मग तिला पेचात पकडू. ती म्हणाली, मीच सांगितलं हाल्यादादाला, ट्रंका आम्ही सगळ्यांनी बाहेर काढल्या, नियम मोडला असेल तर दाखवा. महाले सरांनी नियमांचं पुस्तक चाळलं. नाचत नाचत वसतिगृहापर्यंत जाऊ नये, असा नियम कुठं सापडला नाही. शिवाय मामांनी जाहीर कौतुक केलेलं, पेपरात आलेलं. शिक्षा कशाची करणार?

ती गेल्यावर महाले सर म्हणाले, वसतिगृह बंद करायचं नाही, साहेबांनी शब्द दिलाय. पण खोल्या दर्जावाली समिती यायच्या आधी मोकळ्या पाहिजेत. दोन्ही झालं पाहिजे. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, साहेब म्हणत होते, जतीनला विचारा, तो हुशार आहे. जूनमध्ये एक पूर्णवेळ जागा निघतेय, तेही म्हणत होते.

मी तिथं गप्प बसू शकलो असतो. मला सुचलं नाही म्हणून सांगू शकलो असतो. पण मला सुचलं होतं, आणि सुचलेलं तोंडातून बाहेर पडलं. वसतिगृहाच्या नियमात एक ओळ आहे, मी म्हटलं: ज्या मुलीची वर्गातली हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, तिची खोली रद्द, आणि तिला परीक्षेचा फॉर्मही भरता येत नाही.

हजेरीपट माझ्याकडेच होता. त्या सत्रात पाहुणे फार झाले होते. समितीची रंगीत तालीम, बँकेचे साहेब, परदेशी अभ्यासक, आमदारांचा वाढदिवस, प्रत्येक वेळी तारपा, प्रत्येक तारप्याआधी चार दिवस सराव, आणि सराव म्हटला की तास बुडाला. निलमची हजेरी भरली चौसष्ट टक्के. तिच्याबरोबर नाचणाऱ्या सगळ्यांची तशीच. बावीसपैकी एकोणीस मुली नाचात होत्या. वर्गातून त्यांना नाचायला मीच पाठवत होतो. जा गं, हजेरीचं मी बघतो, असं दर वेळी मीच म्हणत होतो.

बघितली मी हजेरी. महाले सर खुर्चीतून उठून माझ्या पाठीवर थाप मारून गेले. जागृतीबाईंनी सही करताना पेन मात्र दोनदा झटकलं.

यादी लागली त्या दिवशी मुली रडल्या, पालक आले, एकदोन बापांनी हात जोडले. महाले सर सगळ्यांना एकच सांगत होते, वसतिगृह चालू आहे, साहेबांनी शब्द पाळलाय, हजेरी कमी पडली त्याला संस्था काय करणार? उरलेल्या तिघी एवढ्या मोठ्या इमारतीत राहायला घाबरल्या आणि आपणहून गेल्या. दारावरचा 'मुलींचे वसतिगृह' हा बोर्ड नव्याने रंगवून घेतला, बाजूने वारली चित्रं काढून घेतली. आत पाच खोल्यांत एसी बसले. समिती तिथंच उतरली, खूश झाली, आणि कॉलेजला वरचा दर्जा मिळाला. अहवालात म्हटलंय की आदिवासी मुलींसाठी सुसज्ज निवासाची सोय ही या संस्थेची खास बाब आहे. टिळेकरबाईंनी तारप्याच्या त्या प्रसंगावर इंग्रजीत मोठा लेख लिहिला आणि त्याची प्रत मला पाठवली. तळटिपेत माझे आभार आहेत.

निलम दाखला न्यायला आली तेव्हा स्टाफरूममध्ये मी एकटा होतो. मला वाटलं भांडेल, आणि भांडावं असंही वाटत होतं. ती फॉर्म पुढे सरकवून उभी राहिली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बस, पुस्तकं मी देतो. ती म्हणाली, बघते. मग मी सही करत असताना म्हणाली, "सर, एवढंच सांगा. मोजताना तुमच्या लक्षात आलं होतं का, त्यातले किती तास तुम्ही पाठवलं होतं ते?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आलं होतं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, विसरला असाल." आणि दाखला घडी करून पिशवीत टाकून निघून गेली. मला त्या दिवशी माझी शिसारी आली. ती शिसारी घेऊन मी घरी गेलो, जेवलो, झोपलो, आणि सकाळी उठून पुन्हा कॉलेजला आलो.

एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपरला माझं सुपरविजन होतं. सकाळी तलासरी नाक्यावर हायवे ओलांडायला बाइक थांबवली, तर समोर गुजरातकडे जाणाऱ्या कंपनीच्या गाड्या भरत होत्या. एका टेम्पोत पंधरा-वीस जणी उभ्या होत्या, डोक्याला फडकी बांधलेल्या. त्यात निलम होती, आणि आणखी दोघी त्याच यादीतल्या. तिनं मला पाहिलं. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिनं टेम्पोच्या दांडीचा हात सोडला, नमस्कार केला आणि नेहमीसारखं म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." बाकीच्या दोघीही म्हणाल्या. वर्गात मी आत आलो की म्हणायच्या, तसंच.

मी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. पेपर साडेनऊचा होता, आणि जूनपासून मी पूर्णवेळ होतो.